बासष्ट पाने, बासष्ट फायली : एका डिझाईनमधून प्रत्येक पान वेगळे कसे काढावे?

डीटीपीचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या तरुणांना एक काम वारंवार करावे लागते. कॉम्प्युटरवर एकाच फाईलमध्ये अनेक पाने तयार केलेली असतात आणि ग्राहकाला मात्र प्रत्येक पान स्वतंत्र फाईल म्हणून हवे असते. शाळेची प्रमाणपत्रे, संस्थेची ओळखपत्रे, दुकानाच्या दरपत्रकाची पाने, लग्नपत्रिकेचे वेगवेगळे भाग, अशा साऱ्या कामांत ही गरज पडते. काम किरकोळ वाटते, परंतु याच ठिकाणी घाई नडते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका शाळेच्या बक्षीस समारंभासाठी ६२ प्रमाणपत्रांचे काम माझ्याकडे आले होते. एकाच फाईलमध्ये ६२ पाने केली. मग एकेक पान उघडून, नाव टाईप करून, हाताने फाईल काढत बसलो. एका पानाला एक मिनिट धरले तरी तासाहून अधिक वेळ गेला. दोन वर्गांत एकाच नावाच्या दोन मुली होत्या. दुसरीची फाईल काढताना कॉम्प्युटरने विचारले, “या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का?” मी घाईत होकाराचे बटण दाबले. पहिल्या मुलीची फाईल पुसली गेली. समारंभात तिचे नाव पुकारले गेले, ती मंचावर आली आणि तिच्या नावाचे प्रमाणपत्रच नव्हते. नवीन प्रत दुसऱ्या दिवशी दिली, पण त्या मुलीचा तो दिवस काही परत आला नाही. म्हणून हे काम नीट समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम मुद्दा समजून घेऊ. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप ही व्हेक्टर प्रकारची सॉफ्टवेअर आहेत. म्हणजे चित्र ठिपक्यांनी नव्हे, तर रेषा आणि वळणांच्या गणिताने साठवले जाते, त्यामुळे ते कितीही मोठे केले तरी फाटत नाही. पीडीएफ प्रकारात अनेक पाने एकत्र राहू शकतात. जेपीजी किंवा पीएनजी हे मात्र एकाच चित्राचे प्रकार आहेत. म्हणून जुन्या कोरलड्रॉमध्ये जेपीजी काढली की फक्त समोर उघडे असलेले पानच निघते आणि बाकीची मागे राहतात. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही.

आता मार्ग पाहू. ज्यांना विकतचे सॉफ्टवेअर परवडत नाही त्यांच्यासाठी इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर आहे. मे २०२२ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीपासून त्यात एका फाईलमध्ये अनेक पाने करता येतात. आजच्या आवृत्तीत पुढीलप्रमाणे काम करावे :

१. ‘पेज टूल’ निवडून प्रत्येक पानावर क्लिक करावे आणि वरच्या पट्टीत त्या पानाला नाव द्यावे. फायलींची नावे यावरूनच ठरतात.

२. ‘फाईल’ मेनूतून ‘एक्स्पोर्ट’ उघडावे, त्यात ‘बॅच एक्स्पोर्ट’ आणि त्याखाली ‘पेजेस’ निवडावे.

३. कोणत्या फोल्डरात आणि कोणत्या मूळ नावाने फायली ठेवायच्या ते सांगावे.

४. फाईलचा प्रकार निवडावा. एकाहून अधिक प्रकारही घेता येतात, म्हणजे छपाईसाठी पीडीएफ आणि मोबाईलवर पाठवण्यासाठी पीएनजी एकाच वेळी निघते.

पीएनजी काढताना डीपीआयकडे लक्ष द्यावे. इंकस्केप मुळात ९६ डीपीआय धरते. त्या मापाने ए-४ पान सुमारे ७९४ × ११२३ ठिपक्यांचे निघते. मोबाईलवर पाहण्यास ते चालेल, पण छापल्यावर अक्षरे धूसर दिसतील. छपाईसाठी ३०० डीपीआय घ्यावे, तेव्हा तेच पान सुमारे २४८० × ३५०८ ठिपक्यांचे होते.

इंकस्केपमध्ये सर्व पाने एकाच मोठ्या फळ्यावर शेजारी शेजारी असतात. एका पानाची वेलबुट्टी किंवा शिक्का कडेबाहेर सरकून शेजारच्या पानावर गेला, तर तो त्या पानाच्या फाईलमध्येही उमटतो. म्हणून पानांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे.

कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनी आपली आवृत्ती पाहावी. २०२१ च्या आवृत्तीपासून अनेक पाने एकदम वेगळी काढण्याची सोय आहे. जुन्या आवृत्तीवर काम असेल तर आधी ‘पब्लिश टू पीडीएफ’ने सर्व पानांची एकच पीडीएफ करावी आणि मग ती फोडावी. पीडीएफटीके नावाचे मोफत साधन ‘बर्स्ट’ या आज्ञेने प्रत्येक पानाची स्वतंत्र पीडीएफ करून देते. मात्र त्या फायलींना केवळ क्रमांक असतात, म्हणून पानांचा क्रम आणि नावांची यादी जुळते की नाही हे आधी तपासावे. इलस्ट्रेटरमध्ये पानांऐवजी ‘आर्टबोर्ड’ असतात आणि प्रत्येक आर्टबोर्डची वेगळी फाईल काढण्याची सोय त्यातच आहे.

मराठी आणि उर्दू मजकुराबाबत विशेष काळजी हवी. मूळ फाईलच पाठवली आणि छापखान्याच्या कॉम्प्युटरवर आपला फाँट नसला, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. त्यासाठी फाईल देण्यापूर्वी मजकुराचे वळणांत रूपांतर करावे. कोरलड्रॉमध्ये त्यासाठी कंट्रोल आणि क्यू ही बटणे आहेत. रूपांतरानंतर मजकूर टाईप करून दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाईलची प्रत आधी वेगळी ठेवावी. ऑफसेट छपाईसाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंकस्केपच्या १.४ पर्यंतच्या आवृत्त्यांतून सीएमवायके रंगांची पीडीएफ थेट निघत नाही. तेव्हा छापखान्याला आधी विचारून घ्यावे.

शेवटी नावे आणि मोजणी. केवळ व्यक्तीच्या नावाने फाईल ठेवू नये. आधी क्रमांक, मग वर्ग, मग नाव असा क्रम ठेवावा. क्रमांक ०१, ०२ असे लिहावेत, नाहीतर काही ठिकाणी १० हा २ च्या आधी येऊन बसतो. दोन मुलींचे नाव एक असले तरी क्रमांक एक नसतो, म्हणून एक फाईल दुसरीवर चढत नाही. फायली निघाल्या की फोल्डरातील संख्या मोजावी. पाने ६२ तर फायली ६२ असल्याच पाहिजेत. नंतर पहिली, शेवटची आणि मधल्या चार-पाच फायली उघडून पाहाव्यात.

माझ्या त्या फोल्डरात ६१ फायली होत्या. तेव्हा मोजल्या असत्या, तर एका मिनिटात चूक सापडली असती. आता माझ्या दुकानात मोजणी झाल्याशिवाय कोणतेही काम ग्राहकाच्या हाती जात नाही.