वादळी पावसात परसातल्या कोंबड्या कशा वाचवायच्या? इशारा आल्यापासून पंचनाम्यापर्यंत सगळी माहिती

नाशिक : ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून जास्त होता. अलिबागपासून नाशिक सरळ रेषेत सुमारे १८० किलोमीटर. जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरला खरा, पण ते पुढे उत्तर महाराष्ट्राकडेच सरकले आणि त्या रात्री नाशिकलाही पावसाने झोडपले.

समुद्र लांब असला तरी वादळ नाशिकला चुकत नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस असतोच. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड तालुक्यात गारपीट झाली. अशा वेळी द्राक्षे आणि कांद्याच्या नुकसानीची चर्चा होते, परसातल्या कोंबड्यांची फारशी होत नाही. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागांत दहा-पंधरा गावरान कोंबड्या म्हणजे घरातल्या बाईच्या हातातला पैसा असतो. औषधपाणी, शाळेचा खर्च, अडीनडी यातूनच भागते.

कोंबडीला खरा धोका कशाचा?

वाऱ्यापेक्षा ओल आणि गारठा जास्त घातक. कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असते. पिसांमध्ये अडकलेली हवा ही ऊब धरून ठेवते. पिसे चिंब भिजली की ही हवा जाते आणि त्यात वारा लागला की कोंबडी झपाट्याने गार पडते. दुसरा धोका घाबरून एका कोपऱ्यात गर्दी करण्याचा. अशा वेळी खालच्या कोंबड्या गुदमरतात.

इशारा आला की आधी काय करायचे?

हवामान विभागाचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर संध्याकाळची वाट पाहू नका. पाऊस सुरू होण्याआधीच कोंबड्या आत घ्या. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही. रात्री लाइट गेल्यावर भर पावसात त्यांना शोधणे अवघड जाते आणि माणसाच्या जिवालाही धोका असतो. विजांचा अंदाज पाहण्यासाठी ‘दामिनी’ हे मोफत ॲप आहे.

खुराडे कच्चे असेल तर कोंबड्या घराच्या पडवीत, न्हाणीघरात किंवा पक्क्या गोठ्यात हलवा. डालगे पुरत नसेल तर टोमॅटो-द्राक्षांचे प्लास्टिकचे क्रेट कामाला येतात. तळाला भुसा किंवा भाताचे तूस घाला, एका क्रेटवर दुसरा उलटा ठेवा आणि दोन्ही सुतळीने बांधा. एका रात्रीपुरत्या तीन मोठ्या कोंबड्या यात बसतात. क्रेटला भोके असल्याने हवाही खेळती राहते. पण क्रेट थेट जमिनीवर ठेवू नका. खाली विटा किंवा पाट द्या.

खुराड्यातच ठेवायच्या असतील तर?

छपराचा पत्रा तारेने खांबाला बांधा. नुसते दगड ठेवून भागत नाही, जोराच्या वाऱ्यात तेच खाली येतात. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री घट्ट बांधा आणि विरुद्ध बाजूचा वरचा भाग उघडा ठेवा. चारही बाजू बंद केल्या तर आत वाफ आणि विष्ठेचा उग्र वास कोंडतो. जवळ वाळकी फांदी किंवा जुने झाड असेल तर कोंबड्या तिथे ठेवूच नका.

पिल्लांचे काय?

अंगावर पुरेशी पिसे येईपर्यंत पिल्लांना स्वतःची ऊब टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण ३५ अंश तापमान लागते. वादळात बल्बचा भरवसा नसतो. त्यामुळे पिल्ले खोक्यात ठेवून कडेला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा. खुडूक कोंबडी असेल तर पिल्ले तिच्याजवळच राहू द्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र अजिबात नको. तिच्या विषारी वायूने पिल्लांबरोबर माणसांचाही जीव जाऊ शकतो.

दाणा-पाणी किती लागेल?

मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते. म्हणजे दहा कोंबड्यांना तीन दिवसांसाठी साडेतीन किलो दाणा आणि साधारण साडेसात लिटर पाणी भरून ठेवा. दाणा झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवा.

पाऊस थांबल्यावर काय पाहायचे?

वादळातून वाचलेल्या कोंबड्या पुढच्या आठवड्यातही दगावू शकतात. ओल्या भुशात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि पिल्लांना त्याचा फटका जास्त बसतो. ओला भुसा लगेच काढून टाका, जमीन कोरडी करा, चुना भुरभुरा आणि मग नवा भुसा पसरा. भिजलेला मका वाळवून खायला घालण्याचा मोह टाळा. त्यावरच्या बुरशीचे विष यकृतावर परिणाम करते. साचलेले पाणी पिऊ देऊ नका. तुटलेली जाळी त्याच दिवशी नीट करा, कारण मुंगूस आणि कुत्री त्याच वाटेने येतात. कोरड्या जागेच्या शोधात सापही खुराड्यात शिरतात, त्यामुळे हात घालण्याआधी बॅटरीने पाहा.

मानमोडीची म्हणजे राणीखेत रोगाची लस वादळानंतर धावपळीत देण्यापेक्षा पावसाळ्याआधीच देणे चांगले.

कोंबड्या दगावल्या तर भरपाई मिळते का?

मिळू शकते, पण फार नाही. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या आपत्ती मदत निकषांमध्ये एका पक्ष्यामागे १०० रुपये आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त १० हजार रुपये अशी तरतूद होती. मृत्यू अधिसूचित नैसर्गिक आपत्तीमुळेच झालेला असावा लागतो. त्या दराने दहा कोंबड्यांचे एक हजार रुपये होतात. गावरान कोंबडीचा बाजारातला भाव पाहता यातून नुकसान भरून निघत नाही.

तरीही हक्क सोडू नका. मेलेल्या कोंबड्या पुरण्याआधी फोटो काढा, तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि पंचनामा झाल्यावरच खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. वादळानंतर काही दिवसांनी एकदम अनेक कोंबड्या मरू लागल्या तर त्या विकू किंवा खाऊ नका. तो साथीचा रोग असू शकतो.

हे नंबर सेव्ह करून ठेवा

पशुवैद्यकीय मदतीसाठी : १९६२
जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष : १०७७