हिमोग्लोबिन साडेअठरा, पण का?

गणेशोत्सवातले रक्तदान शिबिर. नाव नोंदवून, वजन करून दाता बोट पुढे करतो. तंत्रज्ञ सुई टोचतो, थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतो आणि आकडा मोठ्याने वाचतो, ‘‘साडेअठरा!’’ शेजारी उभा असलेला मंडळाचा कार्यकर्ता खूश. ‘‘भाऊ, तुमच्याकडे रक्त भरपूर आहे, दोन पिशव्या द्या!’’ पंचेचाळिशीचा रिक्षाचालक दाता कौतुकाने हसतो. त्याच्या आधीच्या मुलीला हिमोग्लोबिन अकरा निघाले म्हणून परत पाठवलेले असते. पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे, लोहाच्या गोळ्या असा सल्लाही तिला मिळालेला असतो. साडेअठरावाल्याला मात्र कुणी काही विचारत नाही. तो रक्त देतो, कॉफी-बिस्किटे घेतो, प्रमाणपत्र खिशात घालतो आणि रिक्षाकडे जाताना विडी पेटवतो.

असा प्रसंग कोणत्याही शिबिरात घडू शकतो, कारण तपासणीची रचनाच तशी आहे. आपल्याकडे रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागते. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकून तो बुडतो का हे पाहण्याची जुनी पद्धत अजूनही वापरात आहे. थेंब बुडाला की दाता पात्र. तो तेरावर बुडतो, तसाच एकोणिसावरही बुडतो. रक्त कमी असलेला माणूस या चाळणीत अडकतो, जास्त असलेला सहज पार होतो.

‘रक्त जास्त आहे’ म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यायला हवे. रक्तात पाणीदार प्लाझ्मा असतो आणि त्यात पेशी तरंगत असतात. तांबड्या पेशींनी रक्ताचा किती टक्के भाग व्यापला आहे, त्या आकड्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. निरोगी पुरुषात तो साधारण ४० ते ५० टक्के असतो, स्त्रियांमध्ये थोडा कमी. पुरुषात हिमोग्लोबिन १६.५ किंवा हिमॅटोक्रिट ४९ टक्क्यांच्या वर, स्त्रीमध्ये अनुक्रमे १६ आणि ४८ च्या वर गेले की डॉक्टरने थांबून विचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या निकषांवरून म्हणता येते. पेशी वाढल्या म्हणून ताकद वाढत नाही. रक्त घट्ट होते, बारीक वाहिन्यांतून सरकायला त्याला कष्ट पडतात आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. मेंदूत झाली तर पक्षाघात, हृदयात झाली तर झटका.

कधी कधी आकडा फसवा असतो. उन्हातान्हात रिक्षा चालवून, पाणी न पिता आलेल्या माणसाचा प्लाझ्माच आटलेला असतो. जुलाबानंतर किंवा रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांतही असे होते. पेशी तेवढ्याच, पाणी कमी. म्हणून पहिली पायरी म्हणजे भरपूर पाणी पिऊन, काही दिवसांनी शिरेतून रक्त घेऊन पूर्ण सीबीसी पुन्हा करणे. बोटाच्या एका थेंबावरून कुणालाही रोगी ठरवू नये.

दुसऱ्यांदाही आकडा चढाच आला, तर कारण शोधावे लागते. बहुतेकदा ते रक्तात नसून बाहेर सापडते. पहिला आरोपी तंबाखूचा धूर. विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. तेवढे हिमोग्लोबिन निकामी होते, प्राणवायू कमी पडतोय असे मूत्रपिंडाला जाणवते, ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडते आणि अस्थिमज्जा जादा पेशी बनवते. (कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन तो प्राणवायूवालेच समजतो आणि ९८ दाखवून मोकळा होतो.) पेशींना प्राणवायूची कमतरता कशी कळते, हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल मिळाले. रिक्षाचालकाच्या शरीरात नेमकी हीच यंत्रणा राबत असते, कारण मात्र चुकीचे.

रात्री जोरात घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडखळणाऱ्या जाड माणसाचेही हेच. फुप्फुसांचा जुना आजार असेल तरीही हेच. लेहसारख्या साडेतीन हजार मीटरवरच्या ठाण्यातून सातारा-कोल्हापूरकडे सुट्टीवर आलेल्या जवानाचे हिमोग्लोबिन चढलेले दिसले तर ते उंचीचे फळ असते. खाली काही आठवडे राहिला की उतरते. जिममध्ये ‘बॉडी’साठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारे तरुण ही बाब घरीही सांगत नाहीत, मग शिबिरात कुठून सांगणार? मधुमेहासाठी हल्ली खूप वापरल्या जाणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनीही हिमॅटोक्रिट थोडे वाढते. ते माहीत असले तर पुढच्या अनेक तपासण्या वाचतात. बीट आणि खजूर खाऊन हिमोग्लोबिन अठरा होत नाही, हेही सांगून टाकलेले बरे.

यातले काहीच सापडले नाही, तर वेगळा विचार करावा लागतो. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात अस्थिमज्जाच हुकूम नसताना पेशी बनवत सुटते. फ्रान्सच्या वाकेझ यांनी १८९२ मध्ये त्याचे वर्णन केले. २००५ मध्ये ‘जॅक-टू’ या जनुकातला बदल सापडला आणि निदान सोपे झाले, कारण सुमारे ९५ टक्के रुग्णांत तो असतो. हा रक्ताचा संथ चालणारा कर्करोग. दुर्मीळ, आणि बहुधा साठीच्या आसपास दिसणारा, पण तरुणांना होतच नाही असे नाही. अंघोळीनंतर अंगभर खाज, तळहात-तळपायांची लालसर आग, सततची डोकेदुखी, पोटात डावीकडे वाढलेली प्लीहा अशी चिन्हे असतात. काही वेळा काहीच नसते आणि पहिले चिन्ह म्हणजे थेट पक्षाघात.

उपचारात रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांच्या खाली ठेवतात, बहुतेकांना कमी मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात आणि गरजेनुसार पेशी कमी करणारी औषधे. ४५ चा आग्रह कशासाठी? इटलीत ३६५ रुग्णांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५ ते ५० च्या दरम्यान राहिलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू आणि मोठ्या गुठळ्यांचे प्रमाण जवळपास चौपट निघाले. पाच टक्क्यांचा फरक इतका महाग पडतो.

आता नियमित रक्तदात्याचा खास घोळ. पुरुषाला दर तीन महिन्यांनी रक्त देता येते. प्रत्येक पिशवीबरोबर दीडशेहून अधिक मिलिग्रॅम लोह जाते आणि पुरुषाच्या शरीरातला लोहाचा साठा जेमतेम एक ग्रॅम. हा आजार असलेला माणूस नेमाने रक्त देत राहिला तर अजाणता स्वतःवर अर्धा उपचार करत असतो. हिमोग्लोबिन पंधरावर दिसते, सगळे आलबेल वाटते. पण सीबीसी नीट वाचली तर तांबड्या पेशींची संख्या ६५ लाख आणि प्रत्येक पेशी लोहाअभावी खुजी. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही अनेकदा वाढलेल्या. अशा माणसाला ‘लोह कमी आहे’ म्हणून गोळ्या सुरू केल्या, तर महिन्या-दोन महिन्यांत हिमॅटोक्रिट उसळी मारते. दान थांबले तरी तेच होते.

पेशींची संख्या जास्त आणि आकार लहान, एवढ्यावरून मात्र लगेच जॅक-टूची महागडी चाचणी करायला धावू नये. आपल्याकडे या चित्रामागे जास्त वेळा थॅलेसेमियाचा वाहक असतो. त्याचे हिमोग्लोबिन साडेबारा-तेरा, पेशी ६० लाख आणि पेशीचा आकार ६५ च्या घरात. त्याला स्वतःला काहीही त्रास नसतो. सिंधी, कच्छी, पंजाबी कुटुंबांत हे अधिक आढळते, पण कुठल्याच समाजाला सूट नाही. त्याची बायकोही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की मूल थॅलेसेमिया मेजरचे जन्मेल आणि त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागेल. लग्नाआधी हिमोग्लोबिन ए-टू ची एक तपासणी केली की उत्तर मिळते.

शिबिरात यातले किती करता येईल? सीबीसीची सोय तिथे नसते आणि रांग मोठी असते. पण १७-१८ च्या पुढचा आकडा दिसला की कार्डावर लिहून द्यावा, विडी, घोरणे आणि औषधे यांबद्दल तीन प्रश्न विचारावेत आणि ‘महिन्याभराने सीबीसी करून डॉक्टरांना दाखवा’ एवढे सांगावे. ‘रक्त जास्त झालंय, काढून टाका, बीपी उतरेल’ असा सल्ला मात्र कुणी देऊ नये. धुरामुळे वाढलेले हिमोग्लोबिन दान म्हणून चालते, पण पॉलिसायथेमिया व्हेराचे निदान झालेल्याला आपल्या नियमांनुसार कायमचे रक्तदान बंद. उपचार म्हणून काढलेली त्याची पिशवी नष्टच केली जाते. वर्षानुवर्षे रक्त दिलेल्या माणसाला हे लागते. ‘‘डॉक्टर, चांगलं लालभडक रक्त आहे, कुणाला तरी द्या की,’’ असे तो म्हणतो. त्याला नीट बसवून समजावावे लागते.

रिक्षाचालकाने विडी खरोखर सोडली, तर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी पुन्हा करावी. आकडा सोळाच्या खाली आला, तर त्याला जॅक-टूची गरज नाही. तो पुढच्या शिबिराच्या रांगेत खुशाल उभा राहू शकतो.