व्यायामाचे कारण

लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे चालक दिवसभर बसून असत. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढत. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वाहकांमध्ये हृद्रोगाचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळून आले. पुढील संशोधनाने श्रम व हृदयाचे आरोग्य यांचा हा संबंध अधिक दृढ केला.

वाहकाला पायऱ्या चढावयास लावी ती त्याची नोकरी. ज्याचे काम बैठे आहे, त्याला असे कारण स्वतःच शोधावे लागते. भीतीपोटी अथवा दुसऱ्याच्या आग्रहाखातर केलेला संकल्प सहसा टिकत नाही. गाढ झोप लागावी, मनावरील ताण हलका व्हावा, नातवाला खांद्यावर घेता यावे, असे स्वतःला मोलाचे वाटणारे कारणच माणसास रोज घराबाहेर काढते.

मात्र केवळ उत्साहावर विसंबू नये. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधील अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास लागणाऱ्या काळाचा मध्यांक ६६ दिवस आला. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटांचे मध्यम श्रम सुचविले. रोज ठराविक वेळी पंचवीस मिनिटे झपझप चालल्याने ते सहज साधतात.