पिशवीतली विशेषणं

सकाळी साडेसात
शाळेला निघण्याआधी कापडी पिशवी भरते. नागलीचे मूठभर दाणे, काथ्याचा तुकडा, नदीकाठचा गोटा, चिंचेचं बुटूक, जुन्या साडीचा पदर, करवंटी, कडुनिंबाची डहाळी. आज तिसरीच्या वर्गाला विशेषणं शिकवायची आहेत. यादी पाठ करून घेतली की ती परीक्षेपुरती येतात, लिहिताना येत नाहीत. बोटांना खरखरीत लागल्याशिवाय तो शब्द मुलाच्या वहीत कशाला उतरेल?

साडेदहा
सिल्वासाचा पाऊस एकदा धरला की सोडत नाही. आसपासच्या पाड्यांवर भाताची लावणी चालू आहे, त्यामुळे पटावरची काही मुलं शेतात आहेत. दादरा नगर हवेलीत मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार माध्यमांच्या शाळा आहेत. आमची मराठी. पण एकाच रांगेत घरी वारली बोलणारा मुलगा बसतो, शेजारी कोकणा बोलणारी मुलगी, आणि तिच्यामागे खानदेशातून कारखान्यात कामाला आलेल्या बापाचा लेक. पुस्तकातली मराठी प्रत्येकालाच थोडी परकी.

परिपाठ संपल्यावर फळ्याच्या कोपऱ्यात तीन शब्द लिहून त्यांना चौकट करते: छान, सुंदर, मोठा. आज हे वापरायचे नाहीत. शब्द वाईट नाहीत. पण छान पाऊस, छान आंबा, छान ताई असं लिहिलं की वाचणाऱ्याला तिन्हींतलं काहीच दिसत नाही.

“मग पाऊस कसा आहे?” वर्ग गप्प. मग मागून आवाज येतो, “बाई, तिरपा.” खिडकीबाहेर सगळे पुन्हा बघतात. पाऊस खरोखर तिरपा आहे.

अकरा
डोळे मिटायचे, पिशवीत हात घालायचा, वस्तूचं नाव सांगायचं नाही. ती कशी लागते एवढंच बोलायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. गोटा हाताला लागलेला मुलगा “गुळगुळीत, गार, जड” म्हणतो आणि वर्ग लगेच ओळखतो. चिंचेला “चिकट” एवढ्यावर कुणी ओळखत नाही. “चिकट आणि आंबट वासाची” म्हटल्यावर ओळखतात. कुणाला मराठी शब्द सुचला नाही तर घरचा चालतो. पाड्यावरच्या वाटेबद्दल बोलताना एकीने घरचा शब्द सांगितला, तो मी फळ्यावर लिहिला आणि त्याच्या शेजारी ‘निसरडी’. दोन्ही आता वर्गाचे.

ही रीत माझी नाही. माँटेसोरी पद्धतीत खरखरीत आणि गुळगुळीत पट्ट्यांवरून मुलांची बोटं फिरवतात, मग तीन पायऱ्यांनी शब्द देतात: हे खरखरीत, खरखरीत कोणतं ते दाखव, हे कसं आहे? ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, पुढे १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. १९५७ मध्ये ते इथून दक्षिणेला, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सोबत अनुताई वाघ होत्या. समोर होती वारली मुलं, आणि परदेशी साधनं घ्यायला पैसे नव्हते. मग बिया, शिंपले, पानं, खडे हीच साधनं झाली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. माझ्या पिशवीमागे या दोघींचं काम आहे, आणि विशेषणं शिकवण्यासाठी याहून चांगला रस्ता मला दिसत नाही.

पाऊण वाजता
आता मराठीतली खरी अडचण. पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरं वासरू, पांढऱ्या गायी, पांढऱ्या बैलाला. पण लाल मात्र लालच राहतो: लाल दगड, लाल माती, लाल फूल. ज्यांच्या घरी वेगळी बोली आहे त्यांची गाडी इथे अडते. विकारी-अविकारी ही नावं मी आत्ता सांगत नाही, ती पुढच्या वर्गांत येतील. चिठ्ठ्या करून जोड्या लावायला देते आणि मोठ्याने म्हणायला लावते. ‘पांढरा गाय’ म्हटलं की वर्गालाच खटकतं. कान तयार झाला की नियम सोपा जातो.

दीड
खिचडी. आजची गरमागरम आहे, असं न विचारताच तिघे सांगतात.

अडीच
वर्गाच्या भिंतीवर गेरूच्या लाल रंगावर पांढरं वारली चित्र आहे. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचा वेढा. ही कला जगापुढे नेणारे डहाणू भागातले जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेही मुलांना सांगते.

पण मला हे चित्र हवं असतं ते वेगळ्याच कारणासाठी. यातली सगळी माणसं एकाच रंगाची, सगळी वर्तुळं, त्रिकोण आणि रेघांची. म्हणून रंगाची विशेषणं इथे उपयोगाची नाहीत, आणि मुलं एरवी रंगापाशीच थांबतात. “मी मनात एक माणूस धरलाय. कुणी सांगेल का तो कसा आहे, नाव न घेता?” वाकलेला, पाठमोरा, बुटका, ओझ्याने दबलेला, एकटा. ‘एकटा’ हा शब्द एका अबोल मुलाने दिला. तो वेढ्याबाहेर उभ्या माणसाकडे बघत होता. आजच्या दिवसातलं सर्वांत नेमकं विशेषण ते.

पावणेचार
लेखन. विषय: घरातलं एक माणूस किंवा एक वस्तू. काल बहुतेकांनी ‘माझी आजी छान आहे. तिचं घर मोठं आहे’ असं लिहिलं होतं. आज तेच पुन्हा, चौकटीतले शब्द सोडून.

शब्द मिळाले की मुलं ते उधळतात. हिरवागार, पिवळाधमक, काळाकुट्ट, आंबटढाण, ओलाचिंब हे जोडशब्द त्यांना फार आवडतात, मलाही. एकीने टोमॅटोला लालभडक, गोल, मऊ, थंडगार, गोड अशी पाच विशेषणं लावली. मी विचारलं, “टोपलीतल्या बाकीच्या टोमॅटोंतून हाच उचलायचा, तर कशावरून ओळखू?” तिने थोडा विचार केला, चार खोडली, ‘मऊ’ ठेवलं आणि पुढे स्वतःहून लिहिलं, ‘एका बाजूने चिरलेला’. विशेषण म्हणजे ओळखीची खूण, हे तिला व्याख्येशिवाय कळलं.

साडेपाच
शिक्षक खोलीत एक सहकारी म्हणतात, “पेपरात ‘विशेषण ओळखा’ एवढंच येतं. कशाला एवढा खटाटोप?” ओळखायला अधोरेखित करणं पुरतं, हे खरं. पण दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्याखाली रेघ मारणारं मूल स्वतःचं वाक्य लिहील याची खात्री नाही. त्यांना मी दोन वह्या वाचायला देते. ते वाचतात आणि पिशवी उद्यापुरती मागतात.

रात्री नऊ
वह्या. ‘आजीचे हात खरखरीत आहेत, पण डोक्यावर फिरवते तेव्हा मऊ लागतात.’ ‘आमची जुनी छत्री तिरकी आहे म्हणून डावा खांदा ओला होतो.’ अशा वाक्यांखाली मी शेरा लिहीत नाही, प्रश्न लिहिते: ओला खांदा घेऊन तू वर्गात कुठे बसतोस?

एका वहीत आज एकच वाक्य आहे: ‘बाबा रात्रपाळीहून आले की बूट न काढता झोपतात.’ विशेषण एकही नाही. तिथे एखादं घाल, असं मी त्याला सांगणार नाही. उद्या हे वाक्य वर्गात वाचून दाखवायचं, मुलांना विचारायचं की बाबा कसे दिसले, आणि ते न लिहिताच कसं कळलं. पिशवी सहकाऱ्यांकडे गेली आहे, उद्या एवढी वही पुरेल.