हरपलेला एक मूकपट

एकदां तयार झालेला चित्रपट कायमचा टिकतो, अशी आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. ती किती फोल आहे, हें ‘किस मी अगेन’ या अमेरिकन मूकपटाच्या हकीकतीवरून दिसून येईल.

अर्न्स्ट ल्यूबिच हा दिग्दर्शक मूळचा बर्लिनचा. १९२२ सालीं तो अमेरिकेस गेला व १९२५ सालीं वॉर्नर ब्रदर्स कंपनीसाठीं त्यानें हा विनोदी प्रेमपट काढला. कथानक सार्दू व नाजाक या फ्रेंच नाटककारांच्या १८८० सालच्या नाटकावरून घेतलेलें होतें. पॅरिसमधील एक सुखवस्तु गृहिणी संसारास कंटाळून एका पियानोवादकाकडे ओढली जाते. पती आदळआपट न करतां घटस्फोटास रुकार देतो. आणि वाट मोकळी झाल्यावर तिला उमगतें कीं, आपलें मन पतीपाशींच आहे. मारी प्रेव्हो व माँटी ब्लू यांनीं पतिपत्नींचीं कामें केलीं. पुढें विख्यात झालेली क्लारा बो हिची यांत लहानशी भूमिका होती.

गोष्ट आम्हीं सांगितली खरी, पण चित्रपट सांगितला असें नाहीं. मूकपटाची गंमत पात्रांच्या नजरेंत, हालचालींत व क्षणभर थबकण्यांत असते. तीच आज कोणास पाहतां येत नाहीं; कारण या चित्रपटाची एकहि प्रत उपलब्ध नाहीं.

असें कां व्हावें? त्या काळच्या फिती कापूस व नत्राम्ल यांपासून बनवीत. अशी फीत पेटली कीं पाण्याखालींहि जळत राहते. कारण ज्वलनास लागणारा प्राणवायु तिच्याच घटकांत असतो. ती न पेटली तरी उष्ण व दमट जागीं कुजते, चिकट होते व शेवटीं तिची भुकटी होते. त्यांत १९२७ नंतर बोलपट आले आणि मूकपटांस बाजारांत किंमत उरली नाहीं. कित्येक फिती तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठींच नष्ट केल्या गेल्या. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३ सालच्या अहवालानुसार, तेथील १०,९१९ दीर्घ मूकपटांपैकीं मूळ स्वरूपांत अवघे १४ टक्के उरले आहेत.

१९४१ सालीं ल्यूबिचनें त्याच कथेवर ‘दॅट अनसर्टन फीलिंग’ हा बोलपट काढला. त्याची नायिका मर्ल ओबेरॉन हिचा जन्म मुंबईचा. हा बोलपट आजहि पाहावयास मिळतो; परंतु धाकट्या भावास पाहून थोरल्याचा चेहरा कळावा, तितकाच त्यावरून मूळ चित्रपट कळतो.

आपल्याकडे १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालियामर्दन’ त्याच्या संग्रहांत आहे. पण तेथेंहि २००३ सालच्या आगींत अनेक जुन्या फिती भस्मसात झाल्या.

‘किस मी अगेन’ वाईट होता म्हणून हरपला नाहीं. तो जपावा असें वेळेवर कोणास वाटलें नाहीं, म्हणून हरपला. आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें. घरांतील जुनीं पत्रें, छायाचित्रें व वह्या रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार उघडून पाहाव्या, एवढीच आमची विनंति.