किल्ल्याच्या कुशीतली गांधीबाग

पर्वत पाटिया, लिंबायत, उधना, डिंडोली हा सुरतेचा मराठी पट्टा. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसं यंत्रमागांवर आणि कापड बाजारात कामाला आली आणि इथलीच झाली. पाहुणे आले की त्यांना डुमसचा समुद्र दाखवला जातो. चौक बाजारातली गांधीबाग मात्र सहसा कुणी दाखवत नाही. खरं तर मराठी माणसाने सुरतेत आधी पाहावी अशी जागा हीच.

तापीकाठचा किल्ला 1540 च्या दशकातला, गुजरातच्या सुलतानाच्या सरदाराने, खुदावंद खानाने बांधलेला. इंग्रजांच्या काळात किल्ल्याच्या एका अंगाला सार्वजनिक बाग झाली, तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन. पुढे राणीचं नाव पुसलं गेलं आणि गांधीजींचं आलं. आपल्याकडे अनेक बागांचं असंच झालं आहे. झाडांना त्याचं सोयरसुतक नसतं.

या परिसराची खरी गोष्ट मात्र बागेच्याही आधीची. 6 जानेवारी 1664 रोजी शिवाजी महाराज सुरतेवर आले. शहराचा कारभारी इनायत खान आधीच किल्ल्यात जाऊन बसला होता. तिथून त्याने तहाच्या बोलण्याच्या मिषाने एक तरुण पाठवला आणि त्याने महाराजांवर खंजीर उगारला. अंगरक्षकाने त्याचा हातच तोडला. किल्ल्यावरच्या तोफा धडधडत राहिल्या, पण गोळे पडले ते जास्त करून सुरतकरांच्याच घरांवर. किल्ला घ्यायला महाराज आलेच नव्हते. चार दिवसांनी, मोगली फौज येत असल्याची खबर लागताच ते निघून गेले. 1670 च्या ऑक्टोबरात पुन्हा आले, तेव्हाही किल्ला तसाच राहिला.

आता गंमत अशी, की पहिल्या स्वारीत महाराजांचा तंबूही एका बागेतच पडला होता. शहराच्या पूर्वेला, बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर सुमारे पाव मैलावर. बुऱ्हाणपुरी भागळ हे नाव आजही सुरतेत आहे. पर्वत पाटिया त्याच पूर्वेच्या अंगाला, आणखी बाहेर. एका बागेत हल्ला करणारे, दुसऱ्या टोकाला नदीकाठी दडून बसलेले, आणि मधे सारं शहर!

पुढे 1759 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. 1837 च्या आगीत शहरातली नऊ हजारांहून अधिक घरं जळाली आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. 1852 मध्ये नगरपालिका झाली, 1877 मध्ये किल्ल्याशेजारी होप पूल उभा राहिला. खचलेलं बंदर हळूहळू नागरी शहर होत गेलं, आणि तोफांच्या सावलीत फुलझाडं लावण्याची निश्चिंती त्यातूनच आली. किल्ल्याची अलीकडे चांगली डागडुजी झाली असून आत संग्रहालय आहे.

सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. त्या शाळांच्या गुरुजींना एकच विनंती: 1664 चा धडा आला की मुलांना वर्गात बसवू नका, सकाळच्या वेळी आधी किल्ल्यात न्या आणि मग गांधीबागेत शिकवा.