वसंतातील रानवाटा व रानफुले

वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या माना पुस्तकांत खाली जातात, आणि नेमक्या त्याच सुमारास शाळेच्या भिंतीबाहेर सह्याद्रीच्या अंगावर एक मोठा सोहळा सुरू होतो. माघ संपत आला की काटेसावरीच्या उघड्या फांद्यांवर तांबडे पेले लागतात. फाल्गुनात पळस पेटतो. चैत्र-वैशाखात बहाव्याची पिवळी झुंबरे लोंबू लागतात. परीक्षा आटोपून मुले मोकळी होतात तोवर या सोहळ्याचा अर्धा भाग सरलेला असतो, आणि उरलेला अर्धा भाग उन्हाच्या भीतीने पाहिला जात नाही. या लेखात आम्ही वसंतातील रानफुले कोठे, केव्हा व कशी पाहावी, आणि ती याच ऋतूत का फुलतात, हे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. शेवटी आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगणार आहोत. कारण ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

पुष्कळांची अशी समजूत असते की, महाराष्ट्रात रानफुले पाहावयाची ती भाद्रपदात, आणि तीही कास पठारावर. ही समजूत अर्धी खरी आहे. सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर पसरलेले हे पठार पावसाळ्याच्या उत्तरार्धात तेरडा, सोनकी, कवला, गेंद इत्यादी फुलांनी भरून जाते. पश्चिम घाटातील ज्या स्थळांस २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासचाही समावेश आहे. परंतु तेथील फुले जमिनीलगतच्या लहान रोपट्यांची असतात. जांभ्या दगडावरील मातीचा थर इतका पातळ असतो की, पाऊस सरताच तो कोरडा पडतो. तेवढ्या अवधीत उगवणे, फुलणे, बी धरणे आणि मरून जाणे, अथवा कंदाच्या रूपाने भूमीत दडून बसणे, हाच त्या रोपट्यांचा क्रम होय. वसंतात तेथे जाणाऱ्यास करपलेल्या गवतावाचून फारसे काही दिसणार नाही.

वसंताची फुले मुख्यत्वे वृक्षांची व झुडपांची असतात. त्यांची मुळे खोल गेलेली असल्याने वरची माती तापली तरी त्यांस ओलावा मिळतो. येथे विचारी विद्यार्थी असा प्रश्न करील की, पाणी इतके दुर्मिळ असताना या वृक्षांनी फुलण्यासाठी हाच काळ का निवडावा? याचे उत्तर पंचांगात सापडते. फाल्गुनात फुललेल्या काटेसावरीची बोंडे वैशाखाच्या सुमारास उकलतात आणि कापसात गुंडाळलेले बी उन्हाळी वाऱ्यावर दूर उडून जाते. पळसाची चपटी शेंग टोकाशी एकच बी घेऊन वाऱ्याने भिरभिरत खाली येते. लागलीच मृगाचा पाऊस पडतो, आणि बीजास अंकुरण्यासाठी चार महिन्यांची ओल मिळते. जो वृक्ष पावसाळ्यात फुलेल त्याचे बी कोरड्या जमिनीवर पडण्याचा संभव अधिक. तात्पर्य, वसंतातील फूल हे पुढील पावसाळ्याची तयारी होय.

दुसरी गोष्ट पानांची. पळस, पांगारा, काटेसावर, गणेरी हे वृक्ष फुलण्यापूर्वी बहुतेक पाने टाकून देतात. पानांवाटे वाफ होऊन जाणारे पाणी त्यामुळे वाचते, आणि फुले दुरूनही दिसतात. ही फुले ज्या पाहुण्यांसाठी उघडतात ते मुख्यत्वे पक्षी आहेत. पक्ष्यांस तांबडा रंग चटकन दिसतो, परंतु गंधाचे त्यांस फारसे कौतुक नसते. म्हणून पळस व पांगारा यांची फुले भडक असूनही त्यांस वास जवळजवळ नसतो, आणि आत मधुरस मात्र भरपूर असतो. फुललेल्या सावरीखाली सकाळी अर्धा तास उभे राहावे. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळे यांची आणि मधूनच एखाद्या खारीची सारखी ये-जा चाललेली दिसेल. याउलट करवंदीचे फूल पांढरे, लहान व सुगंधी असते. ते अंधारात उडणाऱ्या पतंगांस बोलावते. मोहाची मांसल फुले रात्री वटवाघळांच्या उपयोगी पडतात आणि पहाटे झाडाखाली त्यांचा सडा पडतो. आदिवासी बांधव उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन ती वेचावयास जातात. गणेरीच्या मोठ्या पिवळ्या फुलांत मधुरस नसतो. तेथे भुंगे व माश्या परागासाठी येतात. रंग, गंध व वेळ यांवरून पाहुणा कोण हे ओळखण्याचा खेळ मुलांस फार आवडतो, असा आमचा अनुभव आहे.

आता वाटांविषयी. डोंगराचा पायथा, उतार व माथा अशा तीन पायऱ्या मनात धराव्या. प्रत्येकीचे फूल निराळे आणि काळही थोडा निराळा.

पायथ्याची वाट पाहावयाची तर मुंबईकरांस बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता सोयीचा. उद्यानाच्या दारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत या रानात काटेसावर, पांगारा व पळस फुललेले दिसतात. लेण्यांच्या कातळावर उभे राहून खाली पाहिले असता धुरकट रानात ठिकठिकाणी निखारे ठेवल्यासारखे दिसते. लहान मुलांस व वडील मंडळींस घेऊन जाण्यास ही वाट उत्तम.

उताराची वाट खंडाळा-लोणावळ्याच्या परिसरात घ्यावी. लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी वाट सुमारे पंधरा किलोमीटर लांब असून ती मोठ्या मुलांसाठीच योग्य आहे. धाकट्यांनी पहिले दोन-तीन किलोमीटर जाऊन परतावे. या उतारांवर धायटीच्या झुडपांच्या फांद्या लहान तांबड्या फुलांनी लगडलेल्या असतात. मुले ती फुले तोडून त्यांतील रस चोखतात. आम्ही त्यांस एखाददुसऱ्यापुरतीच परवानगी देतो. खडकाळ जागी गणेरी दिसते. या परिसराशी एका मिशनरी अध्यापकाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी खंडाळ्याची राने वर्षानुवर्षे पायी तुडविली आणि तेथील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. मूळचे स्पेन देशातील हे गृहस्थ. परंतु आपल्या घाटातील झुडपे आपल्यापैकी पुष्कळांहून त्यांस अधिक परिचित होती, ही गोष्ट आपणांस विचार करावयास लावणारी आहे.

माथ्याची वाट म्हणजे माथेरान व महाबळेश्वर. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर असून गावात मोटारगाड्यांस बंदी आहे. नेरळहून वर जाणारी लहान आगगाडी १९०७ साली सुरू झाली. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंच. या दोन्ही ठिकाणी राने सदाहरित असल्याने वाटा सावलीच्या आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुटीतही तेथे सुखाने चालता येते. मार्च-एप्रिलात येथे अंजनी फुलते. पानांच्या बगलांतून व जून फांद्यांवरून निळ्या-जांभळ्या फुलांचे इतके दाट झुबके फुटतात की, फांदीवर कोणी नीळ शिंपडली असावी असे वाटते. जांभळीचा मोहोर व करवंदीची शुभ्र फुले हीही याच दिवसांत. वैशाखात खाली उतरताना बहावा, कुडा आणि ताम्हण भेटतात. ताम्हण हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, हे किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल? भुईचाफा हे एक लहानसे नवलही याच सुमारास दिसते. पानाचा पत्ता नसताना सुक्या जमिनीतून त्याचे फूल एकाएकी वर येते.

वाटेवर पाळावयाचे नियम थोडे, परंतु महत्त्वाचे आहेत. सूर्योदयास चालू लागावे आणि दहाच्या आत सावलीस यावे. प्रत्येकाजवळ निदान दोन लिटर पाणी, डोक्यास टोपी व पायांत बूट असावे. कड्यांवर व उंच झाडांवर आग्या माश्यांची पोळी असतात. त्यांच्या जवळपास ओरडणे, दगड मारणे, धूर करणे अथवा अत्तर लावून जाणे जिवावर बेतू शकते. खाजकुहिलीच्या वाळलेल्या शेंगांवरील कुसे अंगास लागली असता तासन्‌तास खाज सुटते; ती वेल आधी ओळखून ठेवावी. एकट्याने जाऊ नये, आणि कोणत्या वाटेने जाणार हे घरी सांगून निघावे. सर्वांत मुख्य म्हणजे आगपेटी नेऊ नये. वसंतात गवत वाळून कोळ झालेले असते. माणसाच्या हातून पडलेल्या एका ठिणगीने वणवा पसरतो आणि त्यात गतवर्षीची रोपे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी व खोडांवरील आमऱ्या जळून जातात. मोठा वृक्ष कदाचित तगतो. परंतु त्याची पुढची पिढी नष्ट होते.

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही नववीच्या मुलांस घेऊन घाटातील एका वाटेने गेलो होतो. एका जुन्या झाडाच्या फांदीवर, पाने नसलेल्या बोटाएवढ्या कांड्यांतून पांढऱ्या फुलांचे तुरे आले होते. एक मुलगा म्हणाला, “सर, हे बांडगूळ आहे ना? काढले तर झाडाचे भलेच होईल.” आम्ही चढण चढून थकलो होतो. वर नीट न पाहताच आम्ही “काढ” असे म्हणालो. मुलाने ते सालीसकट ओढून काढले, आणि आम्ही मोठ्या अभिमानाने ते शाळेच्या सभागृहात कुंडीत लावले.

ते बांडगूळ नव्हते. ती आमरी होती. बांडगूळ आपली मुळे झाडाच्या शरीरात खुपसून त्याचा रस घेते. आमरी फांदीचा केवळ आधार घेते. तिची पांढरी, स्पंजासारखी मुळे सालीवरून वाहणारे पावसाचे पाणी व हवेतील ओलावा शोषून घेतात. झाडाचे ती काहीएक हिरावून घेत नाही. तिचे बी धुळीइतके बारीक असते आणि त्यात अंकुरास पुरेल असा अन्नसाठा नसतो. एका विशिष्ट बुरशीची संगत लाभली तरच ते रुजते, आणि रुजल्यावर फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. कुंडीतील मातीत तिची मुळे कुजली. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा कांड्या काळ्या पडल्या होत्या. तोच मुलगा आमच्याकडे आला आणि विचारू लागला, “सर, आपण रोज पाणी घालत होतो, मग ती का मेली?” त्यास काय सांगावे हे आम्हांस सुचेना. त्या रात्री ग्रंथ उघडून आम्ही जे वाचले, ते मार्चमध्येच वाचावयास हवे होते. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभे राहून आम्ही सांगितले की, चूक मुलाची नव्हती, आमची होती. तो मुलगा काही बोलला नाही; परंतु पुढील सहलीस तो आपण होऊन सर्वांच्या पुढे चालला, आणि कोणी फांदीस हात घातला की थांबून म्हणे, “आधी नाव सांग.”

तेव्हापासून तोच आमच्या सहलींचा नियम झाला आहे. ज्याचे नाव ठाऊक नाही त्यास हात लावावयाचा नाही. आणि नाव ठाऊक झाले म्हणजे हात लावण्याची इच्छा बहुधा राहतच नाही. त्या झाडाखालून आम्ही दरवर्षी जातो. फांदीवर साल निघाल्याची खूण अजून आहे; आमरी पुन्हा आलेली नाही.

पालकांस आमची एक विनंती आहे. परीक्षा संपताच एक सुटीचा दिवस मुलांस द्यावा आणि जवळच्या टेकडीवर त्यांच्यासह पायी जावे. दूरची वाट न जमल्यास घराजवळचा एकच पळस अथवा बहावा निवडावा, आणि त्याची पहिली कळी, पहिले फूल व पहिली शेंग कोणत्या तारखेस दिसली हे वहीत टिपून ठेवावे. एका वर्षाची टिपणे थोडीच वाटतील. परंतु पाच वर्षांची एकत्र ठेवली म्हणजे ऋतू लवकर येतो की उशिरा, हे मुलास स्वतःच्या अक्षरात वाचता येईल. शाळेच्या वाचनालयात अशा टिपणांसाठी आम्ही एक वही ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या आमरीचे नाव व तारीख लिहिलेली आहे; पुढील पाने विद्यार्थ्यांनी भरावयाची आहेत.